प्रार्थना शिकावी लागते काय?



प्रार्थना ही आपोआप येणारी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. संकट आले की हात जोडले जातात. त्यात शिकायचे ते काय? ख्रिस्ती धर्माचे म्हणणे मात्र निराळे आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य येशूला विनवतो की, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य यहुदी होते, प्रार्थनेच्या परंपरेतच वाढलेले होते. तरीही त्यांना हा धडा मागावासा वाटला. मी ख्रिस्ती नव्हे, आणि धर्मशास्त्राचा पंडित तर नव्हेच. आयुष्य कामगार संघटनेत गेले. त्या नजरेला या धड्यात जे दिसले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ फार थोड्या ओळींची आहे. देवाला पिता म्हणून हाक मारायची; त्याच्या नावाचा मान, त्याचे राज्य व त्याची इच्छा यांचा विचार आधी करायचा; आणि मग आपल्या गरजा सांगायच्या. या गरजांत ‘मी’ कोठेच नाही. माणूस खोलीचे दार लावून एकटा बसला तरी मागायचे ते ‘आम्हाला’. शिवाय मराठी बायबलात जिला ‘भाकर’ म्हटले आहे, ती मागायची रोजच्यापुरती. वर्षाच्या कोठाराची मागणी तीत नाही. ज्याची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत कठीण कलम पुढे आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात क्षमा मागताना जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ ‘कर्ज’ असा आहे. आम्ही जसे आमच्या ऋणकोंना सोडले, तसे आम्हाला सोड, असा त्याचा आशय. हा आशय येशूने पुढे एका दृष्टांतात उलगडला आहे. एका राजाने आपल्या चाकराचे दहा हजार टॅलेन्ट माफ केले. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलेन्ट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली! तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरू लागला. त्याची माफी अर्थातच रद्द झाली.

शब्द पाठ झाले म्हणजे प्रार्थना आली, असे मात्र नाही. जर्मनीतील विटेनबर्ग येथे पीटर बेस्केनडॉर्फ नावाचा न्हावी होता. प्रार्थना कशी करावी, हे आपल्या या मित्राला सांगण्यासाठी मार्टिन ल्यूथरने १५३५ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. ल्यूथर तेव्हा एक्कावन्न वर्षांचा, मोठा धर्मसुधारक. पण उपदेश अगदी कारागिराला कळेल असा. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थनेचे असावे. ‘आधी एवढे काम उरकू, मग बसू’ या विचाराला थारा देऊ नये, कारण एकातून दुसरे काम निघते आणि दिवस सरतो. चांगल्या न्हाव्याचे चित्त जसे वस्तऱ्यावर असते, तसे चित्त प्रार्थनेवर असावे. गप्पा मारीत हजामत केली तर गिऱ्हाइकाचे नाक कापले जायचे! प्रत्येक आज्ञेची त्याने चौपेडी वेणी घातली: यातून काय शिकायचे, कशाबद्दल आभार मानायचे, कोणता दोष कबूल करायचा, आणि काय मागायचे. माझेच शब्द घोकू नका, आपल्या शब्दांत बोला, असेही त्याने बजावले. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, ती याच जातीची गोष्ट होय.

आता या न्हाव्याचे पुढे काय झाले तेही ऐकावे. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास जावयाच्या घरी जेवणाच्या बैठकीत त्याने जावयाला भोसकले आणि जावई मेला. ल्यूथरने रदबदली केली. शिक्षा हद्दपारीवर भागली. घरदार मात्र गेले.

यावर कोणी म्हणेल की, मग शिकवणी फुकट गेली. मला तसे वाटत नाही. प्रार्थना हा रागावरचा गंडा नव्हे. ती रोज नव्याने करायची मेहनत आहे, आणि कालची मेहनत आजच्या कामी येईलच असे नाही. म्हणून तर भाकरीइतकीच क्षमाही रोज मागायची. आणि मित्राचा हात रक्ताने माखल्यावरही ल्यूथर त्याच्यासाठी उभा राहिला, यात त्या कठीण कलमाचा अर्थ मला पुस्तिकेतल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. ख्रिस्ती मनुष्य प्रार्थना शिकला की नाही, हे त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरून ठरवू नये. त्याचे देणे लागणारा माणूस दारात आला, म्हणजे तो काय करतो ते पाहावे. ही कसोटी त्याच्या गुरूनेच घालून दिली आहे. आणि ती आपल्यापैकी कोणालाही लावून पाहायला हरकत नसावी.