भयकथांचा चित्रपट खाली-वर का होतो?

‘त्यातली तिसरी गोष्ट बघ, बाकीच्या सोडल्यास तरी चालेल.’ अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या भयपटाबद्दल हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय किंवा म्हटलंय. मी असे चित्रपट आवडीने बघते, आणि दर वेळी मला एक प्रश्न पडतो. नावाजलेली माणसं एकत्र येऊनही अख्खा चित्रपट सारखा का जमत नाही? ‘कुणी चांगला दिग्दर्शक, कुणी कच्चा’ हे सोपं उत्तर झालं. मला ते पुरेसं वाटत नाही.

‘घोस्ट स्टोरीज’ घ्या. 1 जानेवारी 2020 रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर या चौघांची प्रत्येकी एक कथा त्यात आहे. याच चौघांनी आधी ‘बॉम्बे टॉकीज’ (2013) आणि ‘लस्ट स्टोरीज’ (2018) केले होते. मंडळी तीच, चार कथांचा साचाही तोच. तरी मला पहिले दोन बरेच एकजीव वाटले आणि तिसरा विस्कटलेला. बदललं होतं ते एवढंच, की या वेळी घाबरवायचं होतं. म्हणजे गोम भीतीतच असणार.

भीती ही कमवावी लागते. नात्यांची गोष्ट असेल तर प्रेक्षक आपला अनुभव सोबत घेऊन येतो, त्याला फार समजवावं लागत नाही. भुताच्या गोष्टीत मात्र इथे नेमकं काय घडू शकतं, कशाला भ्यायचं, हे आधी पटवावं लागतं. हळूहळू ताण चढतो, आणि तो कुठे चढला की कथा संपते! पुढच्या दिग्दर्शकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात. चार कथा म्हणजे चार वेळा तापलेला तवा गार करून परत तापवायचा.

दिबाकर यांची कथा याच कारणाने सरस ठरते. एक सरकारी माणूस एका गावात येतो. गाव ओस पडलंय, दोनच मुलं उरली आहेत. ती त्याला एक नियम सांगतात: हलायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे ते तुला खाणार नाहीत. झालं! पुढे साधं पाऊल वाजलं तरी आपला श्वास अडकतो. अर्ध्या तासाच्या कथेला असा एक स्वच्छ नियम पुरतो. करण जोहर यांच्या कथेतली कल्पनाही चांगली आहे: नवरा मेलेल्या आजीला रोज रात्री ‘गुड नाइट’ म्हणतो आणि नवी नवरी बघत राहते. पण लग्नाचा थाट आणि नवरा-बायकोची वादावादी यांतच बरीचशी वेळ जाते, भीतीच्या वाट्याला थोडीच उरते. त्यातून ही कथा सगळ्यात शेवटी, दिबाकरांच्या लगेच पाठोपाठ ठेवलेली. तिखट रस्सा ओरपल्यावर पुढ्यात वरणभात यावा, तसं होतं.

दुसरी अडचण वेळेची. ‘द एबीसीज ऑफ डेथ’ (2012) हे त्याचं टोकाचं उदाहरण. इंग्रजी वर्णमालेतली 26 अक्षरं 26 दिग्दर्शकांना वाटून दिली. प्रत्येकाने आपल्या अक्षरावरून एक शब्द निवडायचा आणि मृत्यूची कथा करायची. खर्चाला प्रत्येकी सुमारे 5,000 डॉलर. चित्रपट दोन तासांच्या आसपास, म्हणजे एका कथेला पाचेक मिनिटं. एवढ्यात ताण चढवणार कधी? मग पुष्कळ जण दचकवण्यावर, किळस आणण्यावर किंवा विनोदावर भागवतात. शब्द कथेच्या शेवटी कळतो, म्हणून आपण तो ओळखत बसतो. खेळ छान जमतो, भीती मात्र राहून जाते.

इथे कुणी म्हणेल, दिवाळी अंकातही वीस लेखकांच्या वीस तऱ्हा असतातच की. बरोबर, पण अंक आपण महिनाभर चाळतो. नावडलेली कथा उलटतो, आवडलेली जपून ठेवतो. रत्नाकर मतकरी किंवा नारायण धारप यांचा संग्रह असेल तर एखादी कथा फिकी निघाली तरी सांगणारा आवाज एकच असतो, तो आपल्याला पुढे नेतो. अनेक हातांच्या चित्रपटात हा आवाजही नसतो आणि पानं उलटायची मोकळीकही कमी.

मग तो आवाज आणायचा कुठून? त्यासाठी कथांना बांधणारी एक बाहेरची गोष्ट लागते. प्रवाल रमण यांच्या ‘डरना मना है’ (2003) मध्ये गाडी बंद पडलेले मित्र जंगलात शेकोटीभोवती गोष्टी सांगतात. तो एकाच दिग्दर्शकाचा चित्रपट. पुढच्या ‘डरना जरूरी है’ला (2006) सात दिग्दर्शक होते. राम गोपाल वर्मा, साजिद खान, शिवाय ‘शिवा’मुळे आपल्या हैदराबादकरांच्या चांगले ओळखीचे जे. डी. चक्रवर्तीही. तिथेही एक म्हातारी वाट चुकलेल्या मुलांना गोष्टी सांगते. पण मला हा धागा बराचसा हार ओवण्यापुरताच वाटला.

धागा कसा असावा हे बघायचं असेल तर 1945 सालचा ब्रिटिश ‘डेड ऑफ नाईट’ जरूर बघा. ईलिंग स्टुडिओचा चित्रपट, दिग्दर्शक चार: कॅव्हलकँटी, क्रायटन, डिअर्डन आणि हेमर. एक आर्किटेक्ट खेड्यातल्या एका घरी येतो आणि म्हणतो, ‘तुम्हा सगळ्यांना मी स्वप्नात पाहिलंय.’ मग पाहुणे आपापले विचित्र अनुभव सांगू लागतात. दर कथेनंतर आपण त्या दिवाणखान्यात परततो, आणि आर्किटेक्टची अस्वस्थता आधीपेक्षा वाढलेली असते. कथा संपते, पण भीती संपत नाही. ती बाहेरच्या गोष्टीत साठत जाते.

कथा इथेही सारख्या नाहीत. शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्याची कथा अंगावर काटा आणते, नाताळच्या पार्टीची कथा त्यामानाने सौम्य. गंमत म्हणजे दोन्ही कॅव्हलकँटी यांच्याच! म्हणजे एकाच दिग्दर्शकाच्या दोन कथाही सारख्या उतरत नाहीत. गोल्फ खेळणाऱ्यांची कथा तर चक्क विनोदी आहे. पण ती बाहुल्याच्या कथेच्या अगदी आधी येते. आपण हसून सैल होतो, आणि तिथेच फसतो. अमेरिकेत दाखवताना लांबी कमी करायला गोल्फची आणि पार्टीची, अशा दोन्ही कथा कापल्या गेल्या. शेवटच्या दुःस्वप्नात पार्टीचे संदर्भ मात्र राहिले, आणि तिथल्या प्रेक्षकांना ते कळेनात. ‘कमजोर’ म्हणून काढलेली वीट भिंतीतली निघाली.

हे सगळं लिहिण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे. पाच जणांनी मिळून भयकथांची मालिका लिहावी, असं आपल्या मंडळात घाटतंय, आणि ‘ज्याला जे सुचेल ते लिहा’ या वाक्याची मला भुतापेक्षा जास्त भीती वाटते. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, कथा वाटून घेण्याआधी त्यांना बांधणारी गोष्ट ठरवू आणि ती एकाच्याच हाती देऊ. दुसरी, प्रत्येक कथेत भीतीचा एकच नियम ठेवू. तिसरी, क्रम नावांवरून किंवा वर्षावरून न लावता सगळ्या कथा एकत्र वाचून लावू. त्या वेळी एखादी हलकी, हसवणारी कथा हाती आली तर तिला लगेच बाजूला टाकू नये. तिच्यानंतर कुठली कथा ठेवायची, ते आधी बघावं.