काळी मैना आमच्या परसात

परसबाग म्हटली की अळू, कढीलिंब, चार मिरच्या आणि कुंपणावर दोडक्याचा वेल! त्यात वावगे काही नाही. पण जे मंडईत बारा महिने मिळते तेच घरी कशाला लावायचे? मंडईत पोचेपर्यंत जे नासते, त्याला घरची माती द्यावी, असे माझे मत.

फालसा हे तसले फळ. वाटाण्याएवढे, जांभळट, आंबटगोड. आज तोडलेला फालसा उद्या मऊ पडतो, परवा आंबतो. दुकानदार त्याच्या वाटेला जाईल कशाला?

पुण्यातल्या आमच्या घरामागे २० फूट लांब, ८ फूट रुंद असा मोकळा पट्टा आहे. तिथे फरशी घालून मोटार ठेवावी, हा चिरंजिवांचा आग्रह. सूनबाईही त्यांच्याच पक्षात. अजून फरशी पडली नाही याचे श्रेय मी माझ्या दोन फालशांना देते.

फालशाची सारी खुबी छाटणीत आहे. फळ धरते ते नव्या फुटीवर. म्हणून थंडीत पाने झडली की पौषात झुडूप जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर सरसकट छाटायचे. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू कळवळल्या, "अहो, वाढत्या झाडाला असं बोडकं करतात का?" पुढे पिवळी फुले आली, उन्हाळ्यात फांद्या लगडल्या आणि त्याच काकू वाटी घेऊन आल्या! फळे एकदम पिकत नाहीत. रोज मूठ-दोन मुठी. ती वेचायचे काम नातवाकडे. वाटीत किती पडतात आणि तोंडात किती, हे मी विचारीत नाही. उरतील ती कुस्करून, गाळून, साखर आणि चिमूटभर काळे मीठ घालून सरबत करावे. मोटारवाले चिरंजीव दोन पेले मागतात.

दुसरे झुडूप करवंदाचे. टेकड्यांवर घरे चढली तशा करवंदांच्या जाळ्या हटल्या. आमच्या नातवाला करवंद ठाऊक होते ते केकवरचे! हसू नका. केकवर लाल चेरी म्हणून बसते ते पुष्कळदा पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते. आता घरचे करवंद फोडून तो "कोंबडा की कोंबडी?" विचारतो. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी.

करवंदाला लाड नकोत. मुरमाड जमीन चालते, जीव धरल्यावर पाणीही बेताचेच लागते. फुले पांढरी, जाईसारखी सुवासिक. मात्र काटे जबर. दाराशी किंवा मुलांच्या वाटेवर लावू नये, कडेला कुंपण म्हणून लावावे. लोणच्यासाठी कच्ची तोडताना बोटांना तेल लावा, म्हणजे चीक चिकटत नाही.

बी जपून ठेवू म्हणाल तर फसाल. वाळले की त्याची उगवण जाते. पिकलेले करवंद खाल्ले की बी धुवून लगेच कुंडीत पेरावे. रोप वीतभर झाले की पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावे आणि दोन-तीन वर्षे वाट पाहावी. माझ्याकडे यंदाची सहा रोपे तयार आहेत. त्यांतली दोन काकूंनी आधीच सांगून ठेवली आहेत.