शहराचे शरीर आणि शस्त्रक्रिया

गोंदिया शहर वाढत आहे. त्या वाढीच्या वाटेवर मुर्रीसारखी लगतची गावे येतात. अशा गावातील अरुंद गल्ली रोगट समजावयाची की जिवंत, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटतो; पण त्याच्या उत्तरावर कोणाचे घर राहावयाचे हे ठरते.

शहराविषयी आपण शरीराच्याच भाषेत बोलतो. हमरस्ता ही धमनी, उद्याने ही फुप्फुसे. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि पुढे वाहते ते निरोगी, साचते ते रोगट, ही कल्पना पाश्चात्त्य नगररचनेत हळूहळू रुजली.

तिचे फळ मुंबईने भोगले. १८९६ मध्ये तेथे प्लेग आला, तेव्हा कोंदट हवा व घाण हेच रोगाचे मूळ, अशी समजूत दृढ होती. म्हणून १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. समुद्राचा वारा आत यावा हा त्यामागील एक हेतू. विशेष म्हणजे त्याच १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले होते. घरे मात्र पडली. कामाची जागा सोडून दूर जाणे गरिबांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागले. गर्दी हटली नाही, केवळ सरकली.

शरीराचीच उपमा पॅट्रिक गेडीस यानेही वापरली, पण निराळ्या अर्थाने. हा मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१५ मध्ये त्याने नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू केले. शहर म्हणजे नळांचे जाळे नव्हे, तो सजीव देह होय, ही त्याची धारणा. म्हणून सरसकट पाडापाडीऐवजी जपून केलेली शस्त्रक्रिया त्याने सुचविली. निकामी झालेली मोजकी घरे काढावीत, तेथे मोकळी जागा ठेवून झाडे लावावीत आणि उरलेली वस्ती राखावी. यात खर्चही कमी.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्याचा खर्च दिसतो; विस्थापिताची बुडालेली मजुरी, तुटलेला शेजार आणि गेलेले गिऱ्हाईक दिसत नाही. हा खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बलाच्या माथी पडतो. उद्या मुर्रीतून किंवा तिच्यासारख्या गावातून रुंद रस्ता काढावयाचा झाल्यास नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तेथील घरे, विहिरी व बोड्या मोजल्या जाव्यात. शस्त्र उचलण्यापूर्वी नाडी पाहणे हा वैद्याचा धर्म आहे. नगररचनाकाराचा तो नसावा काय?