मंगळसूत्र गहाण टाकण्यापूर्वी

महिन्याची सात तारीख. पगार झालेला असतो, पण घरात येत नाही. "आज मिळाला नाही, उद्या बघू," असं म्हणून ते जेवायला बसतात आणि ताटातून मान वर करीत नाहीत. चार दिवसांनी कपाट आवरताना पाटल्यांची डबी तुमच्या हाताला हलकी लागते.

भगिनींनो, हे वाचून ज्या एखादीच्या पोटात गोळा उठला असेल, तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुगाराची रूपं पुष्कळ. गावाबाहेरच्या झाडीत कोंबड-बाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात आणि त्याच्यावर पैसे लागतात. धान विकून आलेला पैसा एका दुपारीत जातो. शहरात पत्त्यांचे डाव आणि सट्टापट्टी. १९६०नंतर मुंबईत फोफावलेला आकड्यांचा मटका आपल्या पानठेल्यांपर्यंत केव्हाच पोचला. आता तर डाव खिशातल्या मोबाईलवरच! जुगारबंदीचा आपल्या राज्याचा कायदा १८८७चा आहे, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. पण कायदा दाराशी येईपर्यंत घर रिकामं झालेलं असतं.

पहिली गोष्ट समजून घ्या. लागलेला जुगार हा नुसता वाईट नाद नव्हे, तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. हरलेला माणूस 'गेलेले तेवढे परत मिळवतो आणि सोडतो' म्हणून पुन्हा बसतो, आणि अधिक खोल जातो. तुमच्या स्वयंपाकात, रूपात किंवा वागण्यात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. शेजारीण काही का म्हणेना!

दुसरी गोष्ट ऐकायला कठीण आहे. त्यांचं कर्ज तुम्ही फेडू नका. "एवढ्या खेपेला सोडवा, मुलांची शपथ," असं ते म्हणतील तेव्हा खरंच मनापासून म्हणत असतील. पण तुम्ही मंगळसूत्र गहाण टाकलं, भावाकडून पैसे आणले, की उसनं देणाऱ्याचा भरवसा वाढतो आणि पुढच्या डावाची सोय होते. म्हणून हरून आल्याबरोबर नव्हे, तर एखाद्या शांत सकाळी सांगा, "अहो, तुमचं कर्ज मी फेडणार नाही. पण इलाजाला तुमच्याबरोबर येईन." ही दोन्ही वाक्यं बरोबरच सांगायची.

मग घर सांभाळा. आपल्या एकटीच्या नावाचं बचतखातं उघडा. कोऱ्या कागदावर वा चेकवर सही करू नका, जामीन राहू नका. दागिन्यांची यादी करून ठेवा. स्त्रीधन बायकोचंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितलं आहे. पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. बिनापरवाना सावकार दारात आला, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा. पैशांसाठी हात उगारला जात असेल, तर २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. स्त्रीधन बळकावणं हाही त्यात छळच धरला आहे.

इलाज कुठे? जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट आणि मराठीत बोलता येतं. ते आले नाहीत तरी तुम्ही बोला. आणि "जीव देतो" असं ते म्हणाले, तर धमकी समजून सोडून देऊ नका. त्यांना एकटं ठेवू नका, लगेच मदत मागा.

सगळ्यात जड असते ती लाज. माहेरी सांगायचं नाही, सासूबाईंना कळू द्यायचं नाही! पण आपल्याच भागातल्या बायकांकडे पाहा ना. नवऱ्याची दारू हे 'माझं नशीब' म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. गावागावांत बोलल्या, लढल्या, आणि १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरातही २०१५ साली झाली. ती २०२१ साली उठली, हेही खरं. कायदा येतो, जातो. पण आपलं दुःख चारचौघींत बोलून दाखवायला शिकलेली बाई पुन्हा मुकी होत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. विश्वासाच्या एका माणसाला, बहीण असो की मैत्रीण, खरं काय ते सांगा. मुलांनाही त्यांच्या वयाला पेलेल तेवढं सांगा. त्यांना बरंचसं कळलेलं असतंच. आणि ती पाटल्यांची डबी, तिची जागा आजच बदला.