हुपरीचा काटा आणि पुढारपणाची सचोटी

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर माहीत आहे. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे असा माल इथून आणि रेंदाळ, यळगूड अशा आसपासच्या गावांतून परराज्यांतल्या पेढ्यांवर जातो. या धंद्यात पैशाइतकीच चांदीही उसनी फिरते. व्यापाऱ्याची चांदी कारखानदाराकडे येते, त्याच्याकडून कारागिराकडे, तिथून घरी बसून घुंगरू लावणाऱ्या बाईकडे. प्रत्येक ठिकाणी ती काट्यावर तोलून दिली जाते आणि तोलूनच परत घेतली जाते. इतक्या हातांतून जाणारा धंदा नुसत्या कायद्याच्या धाकाने चालत नाही. मधली माणसं कशी आहेत, यावर चालतो.

म्हणून नेतृत्व आणि चारित्र्य यांचा विचार करायला हुपरी चांगली जागा आहे. दहा कामगारांचा कारखाना चालवणारा, पतसंस्थेचा अध्यक्ष, नगरसेवक, तरुण मंडळाचा कार्यवाह हे सगळे आपापल्या जागी पुढारीच. यांची सचोटी घडते कशी, टिकते कशी आणि पहिल्यांदा झिजते कुठे, हे पाहायचं आहे.

एक टंच म्हणजे किती

चांदीची शुद्धता टंचात सांगतात. शंभर टंच म्हणजे पूर्ण शुद्ध. सत्तर टंचाच्या एक किलो मालात सातशे ग्रॅम चांदी, बाकीचं तांब्यासारखे दुसरे धातू. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला. लाखाचाच भाव धरला तरी किलोमागे एक टंच म्हणजे हजार रुपये, आणि पन्नास किलोच्या मालात पन्नास हजार. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही.

पैंजणाच्या कड्या जोडायला झाळ लागते. झाळेत चांदीबरोबर तांबं, जस्त असतं, त्यामुळे तार जितक्या टंचाची असते त्यापेक्षा तयार पैंजण थोडं खालीच उतरतं. आटणीत आणि पॉलिशमध्येही थोडी घट येते. हे सगळं धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. खरा प्रश्न असतो तो ‘थोडं’ म्हणजे किती, याचा. झाळ गरजेपेक्षा जास्त घातली, घट दोन ग्रॅम वाढवून सांगितली, तर चांदी वाचते आणि दोष कामाच्या पद्धतीवर ढकलता येतो.

माणूस बिघडतो तो बहुधा अशाच जागी, जिथे सबब आधीच तयार असते. उघड चोरी करायला छाती लागते. मान्य असलेल्या घटीत आणखी दोन ग्रॅम ढकलायला काहीच लागत नाही. सार्वजनिक कामातही अशा जागा आहेत. किरकोळ खर्च, तातडीची खरेदी, प्रवासभत्ता, कार्यक्रमाचा मंडप या नावांखाली काय काय बसतं, हे कुठल्याही संस्थेच्या हिशेबात मन लावून पाहिलं की कळतं. आपली सचोटी तपासायची असेल तर लाखाच्या व्यवहारापेक्षा या किरकोळ खात्यांकडे आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट झाळेचीच. कॅडमियम मिसळलेली झाळ लवकर वितळते, काम उरकतं. पण तिचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय करतो. दुकानात पैंजण हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही. कळतं ते जाळावर वाकून बसणाऱ्या कारागिराला, आणि तेही कधी कधी फार उशिरा. ही झाळ वापरायची की नाही, हे ठरवणारा माणूस त्या क्षणी पुढारी असतो आणि त्याला पाहणारं कुणी नसतं. खेळती हवा आणि धूर ओढणारा पंखा यांवर त्याने पैसे घातले, तर त्यासाठी कुणी त्याचा सत्कार करणार नसतो.

तपासणारा बाहेरचा हवा

चांदीच्या बाबतीत जगाला एक गोष्ट फार जुन्या काळी कळली, की माल बनवणाऱ्याच्या शब्दावर शुद्धता ठरवायची नाही. लंडनमध्ये तेराव्या शतकापासून सरकारी टांकसाळीच्या नाण्यांची बाहेरच्या पंचांकडून परीक्षा होते आणि ती प्रथा आजही चालू आहे. आयझॅक न्यूटन टांकसाळीचे प्रमुख असताना १७१० मध्ये पंचांनी त्यांच्या सोन्याच्या नाण्यांत कमतरता दाखवली. न्यूटन भांडले, ज्या नमुन्याशी तुलना झाली तो नमुनाच गरजेपेक्षा जास्त शुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसालाही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणून परीक्षा टाळता आली नाही.

आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक नगावर वेगळा ओळख क्रमांक देणारी पद्धत आली, ती मात्र ऐच्छिक आहे. ऐच्छिक आहे म्हणूनच ती इथे महत्त्वाची वाटते. सक्ती नसताना आपला माल तपासायला नेणारा कारखानदार आणि कुणी मागितलं नसताना हिशेब फलकावर लावणारा अध्यक्ष, हे दोघे एकाच जातकुळीचे. पुढाऱ्याचा प्रामाणिकपणा त्याच्या मनात असून भागत नाही. ज्याला शंका आहे त्याला तो तपासता आला पाहिजे, आणि तपासू द्यायची सवय वर्षानुवर्षं लावून घ्यावी लागते.

माणगाव, मार्च १९२०

धंद्याबाहेरच्या पुढारपणाचं उदाहरणही जवळच आहे. हुपरीपासून थोड्याच अंतरावर, याच तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची परिषद भरली. गावच्या आप्पासाहेब पाटलांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला; ते स्वतः जैन समाजातले. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय २८. त्यांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झालं होतं आणि त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

परिषदेला शाहू महाराज स्वतः आले. वय ४५, कोल्हापूरचे छत्रपती, समोर त्यांना देव मानणारे लोक. त्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आणि तो आंबेडकर आहे. त्याच भाषणात त्यांनी आंबेडकरांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला येण्याचं आमंत्रण दिलं. राजाने अस्पृश्य मानलेल्या माणसाला पंगतीला बोलावणं, तेही भरसभेत, ही १९२० सालातली गोष्ट आहे.

या प्रसंगाकडे उदारपणाची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. मला त्यात त्याहून अवघड काही दिसतं. आपल्यावर प्रेम करणारी माणसं दुसऱ्याच्या हवाली करणं फार थोड्या पुढाऱ्यांना जमतं. बहुतेकांना वारस हवा असतो, तोही आपल्या घरातला आणि आपल्याहून लहान मापाचा. शाहूंनी निवडला तो त्यांच्या घरातला नव्हता, दरबारातला नव्हता, आणि पुढे कुणाच्या हाताखाली राहील असाही नव्हता.

हे एका दिवसाचं औदार्यही नव्हतं. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणात, पुरोहितांनी त्यांचा वेदोक्त विधींचा हक्क नाकारला तेव्हा, त्यांनी मोठा विरोध अंगावर घेतला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला. माणगावचं भाषण या रांगेतलंच आहे. चारित्र्य ओळखायचं ते असं, एका भाषणावरून नव्हे, तर वीस वर्षांतल्या निर्णयांची दिशा एकच आहे का, यावरून.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण इथे ती हवीच. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम यांना, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान थाटलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज लवाजम्यासह दुकानासमोर थांबायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्यांनाही पाजायचे. हुकूम काढून दुकान चाललं नसतं. तिथे कप ओठाला लावावा लागत होता, आणि तो पुन्हा पुन्हा लावावा लागत होता.

घरची माणसं समोर उभी असताना

प्रा. एन. डी. पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचा, कर्मभूमी कोल्हापूर. १९७८ ते १९८० या काळात ते सहकारमंत्री होते. शरद पवार यांची बहीण त्यांची पत्नी, आणि पवारच मुख्यमंत्री. पुढे एन्‌रॉनचा प्रकल्प आला, रायगडचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आला, तेव्हा एन. डी. सर विरोधातल्या आंदोलनांच्या पहिल्या फळीत होते. नातं तुटलं नाही, भूमिकाही सुटली नाही. ऐंशी ओलांडल्यावर ते कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्याचं नेतृत्व करत रस्त्यावर उतरले, आणि तो टोल अखेर रद्द झाला.

नात्यागोत्याचं दडपण किती असतं, हे आपल्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. पाहुणा मुलाचा बायोडेटा घेऊन येतो, चुलता ठेकेदार असतो, मेहुण्याला संस्थेचं कर्ज हवं असतं. इथे ऐनवेळी निर्धार करून चालत नाही. नियम आधी सांगून ठेवावा लागतो. घरच्या माणसाचा विषय निघाला की मी सभेतून उठणार, हे पदावर बसल्याच्या पहिल्या दिवशी घरात आणि संचालकांत सांगितलेलं असेल, तर पुढचे निम्मे प्रसंग येतच नाहीत.

‘मंजूर, मंजूर’

सहकारी संस्थांची वार्षिक सभा आपल्याकडे सप्टेंबर संपायच्या आत होते. अहवालाची पुस्तिका आलेली असते, मंडप भरलेला असतो, सचिव विषय क्रमांक एक वाचायला लागतात आणि पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर सुरू होतो. मागे उभ्या सभासदाच्या हातातला प्रश्नाचा कागद हातातच राहतो. पाच मिनिटांत बारा विषय संपतात.

हा गजर करणारे कार्यकर्ते वाईट नसतात; पुढाऱ्यावरच्या प्रेमापोटीच ओरडतात. म्हणून ते थांबवणं पुढाऱ्याचंच काम आहे. अध्यक्षाने ध्वनिक्षेपक हातात घेऊन ‘बसा, त्यांना विचारू द्या’ एवढं म्हटलं, तर त्या संस्थेचं वातावरण त्याच दिवशी बदलायला लागतं. आठ दिवस आधी लेखी प्रश्न मागवावेत, ते नावासह वाचावेत, उत्तर आकड्यात द्यावं, आकडा हाताशी नसेल तर तारीख द्यावी आणि त्या तारखेला तो फलकावर लावावा. प्रश्न विचारणारा कुठल्या गटाचा, ही चौकशी करू नये. त्याचा प्रश्न बरोबर असेल तर गट कुठलाही असला तरी तो बरोबरच असतो.

वडिलांचा कारखाना हातात घेताना

हुपरीत आज अनेक तरुण वडिलांच्या जागी बसत आहेत. त्यांच्यासाठी या गोष्टी अगदी छोट्या करून सांगता येतात. काटा अशा ठिकाणी ठेवावा की चांदी देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना आकडा दिसेल. घरी काम नेणाऱ्या बाईच्या वहीत वजन आपण लिहावं आणि तिला, किंवा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला, वाचून पाहायला सांगावं. घट किती धरायची हे कामाच्या प्रकारानुसार आधी ठरवून भिंतीवर लिहावं. चांदीचा भाव चढला-उतरला तरी आधी ठरलेली मजुरी ठरल्याप्रमाणेच द्यावी.

आणि एक माणूस असा ठेवावा, जुना कारागीर असेल किंवा हिशेब लिहिणारी बाई असेल, जो तोंडावर ‘मालक, हे बरोबर नाही’ म्हणू शकेल. त्याने तसं म्हटल्यावर पुढच्या महिन्यात त्याचं काम कमी होत नाही ना, हे सगळा कारखाना पाहत असतो.