प्रतिकृती-रेल्वेची जमीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रेल्वेची प्रतिकृती उभारताना आधी सपाट फळीवर रूळ ठोकावेत, गाडी फिरवून पाहावी आणि उरलेल्या जागेत डोंगर, झाडे व घरे मांडून सजावट करावी, ही समजूत फार रुजलेली आहे. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा असतो. जमीन आधीपासून असते आणि कोठे कापणी, कोठे भराव, तर कोठे बोगदा करून लोहमार्गालाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गाने ३७ फुटांमागे एक फूट असा कठीण चढ पत्करला, तो सह्याद्रीने दुसरा पर्याय ठेवला नाही म्हणून. फळी सपाट असली, की रुळांच्या पातळीखाली उतरणारी दरी, ओढा किंवा मोरी यांना जागाच उरत नाही. यासाठी लाकडी तुळयांचा मोकळा सांगाडा करून त्यावर उभ्या आधारांनी रूळपट्टी उचलून धरतात, म्हणजे जमीन रुळांच्या वर जशी चढते तशी खालीही उतरू शकते. ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकन मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या तुळयांची अशी पद्धत लोकप्रिय केली.

डोंगर म्हणजे शंकूच्या आकाराचा ढीग, हा दुसरा गैरसमज सह्याद्रीच्या प्रतिकृतीत विशेष खटकतो. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या, एकावर एक पसरलेल्या आडव्या थरांचे बनलेले आहे; कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि डोंगराला पायऱ्यांचे रूप येते. या खडकाच्या ‘ट्रॅप’ या नावाच्या मुळाशीही जिन्याच्या पायरीचा अर्थ असलेला स्वीडिश शब्द आहे. त्यामुळे घट्ट फोमच्या चादरी आडव्या रचून त्यांच्या कडा कोरणे ही रीत येथे सोयीची आहे आणि भूशास्त्राला धरूनही आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेला कागद पसरण्याची जुनी पद्धत गोलाईच्या टेकड्यांना अधिक शोभते. फोमला द्रावकयुक्त गोंद लावल्यास फोमच विरघळतो, म्हणून तेथे पाण्यात मिसळणारा पांढरा गोंदच वापरावा लागतो.

सगळे मापात असलेच पाहिजे, हा आग्रह मात्र अर्धाच खरा आहे. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतक्या आकारात, सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आणि साडेपाचशे मीटर चढणारा बोरघाट उभारायचा तर २८७ मीटर लांब व सहा मीटरांहून उंच दालन लागेल. अंतरे आटोपती घेऊन ओळखीची स्थळे तेवढी निवडणे अपरिहार्य असते. डोळा अंतर मोजत नाही; तो शेजारशेजारच्या वस्तूंची तुलना करतो, आणि म्हणून झाड व डबा, खडी व स्लीपर यांचे परस्परप्रमाण बिघडू देता येत नाही. वीस मीटर उंचीचा वड या प्रमाणात २३ सेंटिमीटरांचा होतो. तरी बहुतेक प्रतिकृतींत आठ-दहा सेंटिमीटरांवर झाडे संपतात आणि रान बागेसारखे दिसू लागते.

खऱ्या जमिनीसाठी खरी माती सर्वांत उत्तम, हे मत सर्वाधिक काळजीपूर्वक तपासावे लागते. भारतीय लोहमार्गावरील खडीचा मोठ्यात मोठा दगड साधारण ६५ मिलिमीटरांचा असतो, म्हणजे प्रतिकृतीत पाऊण मिलिमीटरचा. त्याऐवजी दोन मिलिमीटरांची वाळू टाकली, तर रुळांमध्ये सतरा सेंटिमीटरांचे धोंडे पडल्यासारखे दिसते. बारीक चाळलेली माती रंगाने अस्सल असते खरी, परंतु बेसाल्टपासून झालेल्या मातीत आणि कोकणातील काळ्या वाळूत मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. इंजिनाच्या मोटारीत कायमचे चुंबक असते, ते हे कण ओढून घेते आणि दातेरी चाकांची हानी होते. माती पसरून तिच्यावरून आधीच चुंबक फिरवून घेणे, ही पाच मिनिटांची मेहनत टाळू नये. पसरलेल्या खडीवर गोंद थेट ओतल्यास थेंब गोळा होऊन कण वाहून जातात. भांडी घासण्याच्या द्रवाचा थेंब पाण्यात घालून ते आधी फवारले, तर पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि मागून दिलेला पातळ गोंद तळापर्यंत मुरतो.

गवत हिरवेच हवे, हेही खरे नाही. घाटमाथ्यावर पावसाळा सरला, की काही आठवड्यांत पिवळेपण उतरते, आणि लहान आकारात गडद रंग मूळ रंगाहून भडक भासतात.

नदीत खरे पाणी भरण्याचा मोह अनेकांना होतो, पण पाणी प्रमाणानुसार लहान होत नाही. त्याचा थेंब तेवढाच राहतो, काठाशी ते वर चढते आणि लाकूड फुगवते. खोलीचा भास तळ रंगवून येतो: काठाशी मातकट, मध्यभागी काळपट हिरवा, आणि त्यावर पारदर्शक वॉर्निशचे किंवा रेझिनचे पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा.