डिकीत मावेल तीच खुर्ची

कोडोलीहून वाठारमार्गे कोल्हापूर. फिजिओथेरपी, सीपीआर रुग्णालयात दिव्यांगत्वाचा दाखला, लग्नकार्य, सगळ्यासाठी ही वाट धरावीच लागते. ज्या घरात व्हीलचेअर आहे, तिथे मात्र निघायच्या आधी एकच प्रश्न असतो. माणूस गाडीत बसेल, पण खुर्चीचं काय? वडापच्या जीपमध्ये गेलात तर ती टपावर बांधायची. स्वतःची गाडी असली तर डिकी सीएनजीच्या टाकीने अडवलेली. शेवटी खुर्ची घरी राहते आणि कोल्हापुरात उतरलेल्या माणसाला कुणीतरी उचलून न्यायचं, नाहीतर त्याने गाडीतच बसून राहायचं. आपल्याकडे खुर्ची घराच्या दारातून जाते का, एवढंच बघून ती घेतली जाते. डिकीचा विचार कुणी करत नाही, आणि तिथेच चुकतं.

आज सर्रास दिसणारी घडीची खुर्ची मुळात मोटारीसाठीच जन्माला आली. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतल्या अपघातात कमरेखाली लुळे झालेले अभियंता. खुर्ची मोटारीत नेता यावी म्हणून त्यांनी हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राबरोबर 1930च्या दशकात सीटखाली फुलीसारख्या नळ्यांची खुर्ची केली. सीटचं कापड मधोमध वर ओढलं की दोन्ही चाकं जवळ येतात. सगळी युक्ती त्या फुलीत आहे.

पण घडी घातली तरी खुर्ची फक्त रुंदीला कमी होते. उंचीला ती तीन फुटांच्या आसपास राहतेच, आणि साधी लोखंडी खुर्ची 15 ते 20 किलो भरते. म्हणून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : मागची 24 इंची चाकं खटका दाबून निघतात का, पायपट्ट्या सुटतात का, पाठ दुमडते का. निघणाऱ्या चाकांची खुर्ची टाकीवाल्या डिकीतही बसू शकते. नाहीच बसली, तर मागच्या सीटवर आडवी ठेवा, पण पट्ट्याने आवळून. जोरात ब्रेक लागला की मोकळी खुर्ची पुढच्याच्या पाठीत येते.

माणसाला बसवणं हे त्याहून नाजूक काम. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, खुर्ची दाराशी तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला करा. आधी कंबर सीटवर टेकवायची, डोकं जपायचं, मग पाय आत घ्यायचे. काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा खांदा त्याने कायमचा दुखावू शकतो. खुर्चीच्या आणि गाडीच्या सीटची उंची जवळपास सारखी असली की निम्मं काम सोपं होतं. त्यामुळे वॅगनआरसारखी उभट गाडी इथे उंच जीपपेक्षा बरी. आता तर वॅगनआरसाठी बाहेर वळणारी सीटही मिळू लागली आहे. खुर्चीवरची उशी मात्र डिकीत टाकू नका. पायात संवेदना नसलेल्या माणसाला उन्हात तापलेली उशी भाजते, तरी कळत नाही.

टेम्पोत किंवा व्हॅनमध्ये माणसाला खुर्चीसकट चढवून नेण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. खुर्चीचे ब्रेक ती जागेवर उभी राहण्यापुरतेच असतात. खुर्ची चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला जखडलेली आणि माणसाला वेगळा पट्टा, एवढं असेल तरच तसं न्यावं. आणि ती खुर्चीही त्यासाठी तपासून बनवलेली हवी.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. कमरेखाली लुळ्या पडलेल्या नसीमा हुरजूक यांना उभारी दिली बाबूकाका दिवाण यांनी. तेही तसेच होते आणि हातांनी चालेल अशी करून घेतलेली मोटार स्वतः चालवत. नसीमाताईंनी पुढे 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं. माणूस स्वतःच्या खुर्चीसह हवं तिथे गेला तर काय घडतं, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा खुर्ची घ्यायला जाताना नेहमीची गाडी सोबत न्या. दुकानदाराला दारातच ती डिकीत घालून दाखवायला सांगा. तो कां-कूं करायला लागला, तर दुसरं दुकान गाठा.